प्रश्नोत्तरी, पण उलटी

गुरुवारी संध्याकाळी वसईतल्या एका घरात रोझरी सुरू झाली आणि पहिल्याच रहस्याला अडली. आजीनं नेहमीप्रमाणे आनंदाची रहस्यं घेतली होती. आल्तारासमोर मांडी घालून बसलेल्या चौथीतल्या नातीनं हात वर केला. वर्गात करतात तसा.

“आजी, आज गुरुवार. आज प्रकाशाची रहस्यं असतात.”

“कसला प्रकाश? लाइट आहे की घरात.”

“तसा नाही. टीचरनी सांगितलंय. एकूण वीस रहस्यं आहेत.”

“पंधरा,” आजी म्हणाली. “माझी आई पंधरा म्हणायची, तिची आई पंधरा म्हणायची आणि दोघी स्वर्गात गेल्या.”

पंचाईत अशी की दोघींचंही बरोबर होतं. शेकडो वर्षं रोझरीची रहस्यं पंधराच होती. ऑक्टोबर २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच आणखी सुचवली आणि त्यांच्यासाठी गुरुवार दिला. ही बातमी रोमहून वसईला तेव्हाच पोचली, फक्त या घरातल्या आजीपर्यंत पोचायची राहिली आहे. तिच्या मते पोप मोठा माणूस, २०१४ मध्ये संतही झाला, सगळं खरं. पण गुरुवार आधीच कुणाच्या तरी नावावर होता, तो असा परस्पर दुसऱ्याला देता येतो का? वसईत जमिनीच्या वादांचा अनुभव दांडगा असल्यामुळे या युक्तिवादाला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं.

शेवटी पप्पांनी तोडगा काढला. “आज दोन्ही म्हणू या. आनंदाचीही आणि प्रकाशाचीही.” म्हणजे दहा रहस्यं, म्हणजे शंभर ‘नमो मरिया’, म्हणजे साडेआठची मालिका गेली. आजी, सून आणि नात तिघींनी एका सुरात नकार दिला. त्या घरात तीन पिढ्यांच्या बायकांचं एकमत झालेला हा पहिलाच ठराव. तो पप्पांच्या विरोधात होता, एवढी परंपरा मात्र पाळली गेली.

मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत कसं वाढवायचं यावर चर्चनं पाचशे वर्षं एकच युक्ती चालवली आहे. मोठ्यानं विचारायचं, लहानानं पाठ केलेलं उत्तर द्यायचं. तिचं नाव प्रश्नोत्तरी. मार्टिन ल्यूथर १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या गावांमधल्या चर्चच्या तपासणीला गेला आणि कपाळावर हात मारून परतला. लोकांना काही येत नव्हतं. शिकवायला नेमलेल्या बऱ्याच पाळकांनाही येत नव्हतं. त्यानं १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरी छापली आणि तिच्या भागाभागावर सूचना घातली की घरच्या कर्त्या पुरुषानं हे आपल्या माणसांना सोप्या रीतीनं शिकवावं.

घरच्या कर्त्या पुरुषानं! ल्यूथर विद्वान होता, पण त्याचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, त्यामुळे समजून घ्यायला हवं. विटेनबर्ग असो की वसई, धर्मशिक्षणात कर्त्या पुरुषाचा वाटा ‘मम्मीला विचार’ एवढाच असतो. मम्मी ‘आजीला विचार’ म्हणते, आजी ‘फादरला विचार’ म्हणते, आणि फादर रविवारी प्रवचनात सांगतात की श्रद्धेचे पहिले शिक्षक आईवडीलच. असा हा प्रश्न आठवड्याभरात सगळीकडे जाऊन पुन्हा पप्पांच्या दारात येतो, तोवर पप्पा बाहेर गेलेले असतात. (ल्यूथरचं नाव आजीसमोर काढू नये. रोझरी लांबते.)

कॅथलिकांची पद्धत काही वेगळी नव्हती. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यानं ती वाजवत मुलांना धर्मशिक्षणाला बोलावू लागला. मुलं यायची. आजही येतील, पण कुल्फीवाला समजून. पुढं तमिळ किनाऱ्यावर त्याच्या मागं इतकी कामं लागली की आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना म्हणायला तो मुलांनाच पाठवू लागला. शिवाय इथं शिकता ते घरी जाऊन आईबापांना आणि शेजाऱ्यांना शिकवा, असंही त्यानं बजावलं होतं. मोठ्यांच्या चुका काढायचा परवाना मुलांना तेव्हाच मिळाला. गुरुवारच्या भांडणाचं मूळ हे असं संतापर्यंत जातं.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट ‘क्रिस्तपुराणा’मुळे मराठी वाचकांच्या ओळखीचा. १६१६ मध्ये छापलेलं ते पुराण मोठ्यांसाठी. पण त्यानं कोकणीत एक प्रश्नोत्तरीही लिहिली आणि ती मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपात रचली आहे असं थेट तिच्या मथळ्यातच नोंदवलं. ती रायतूरला १६२२ मध्ये छापून निघाली, स्टीफन्स वारल्यानंतर तीन वर्षांनी. आपली प्रश्नोत्तरी मुलांच्या हाती पडल्यावर पुढं काय झालं ते पाहायची वेळ त्याच्यावर आली नाही. पुण्यवान माणूस.

सध्या ही प्रश्नोत्तरी वसईत रविवारी मिस्सेनंतर भरते. शिकवायला कोण असतं? कुणी बँकेतला, कुणी कॉलेजातली पोरगी, कुणी निवृत्त मास्तर. पगार शून्य, आणि आठवडाभर सहा दिवस नोकरी करून सातव्या दिवशी तीसेक पोरांना शब्बाथाच्या विश्रांतीचं महत्त्व समजावायचं. पालक मुलांना फाटकात सोडतात आणि बाजाराकडं गाडी वळवतात. कारण रविवारी दहाच्या आत चांगली मासळी संपते आणि श्रद्धा दहानंतरही मिळते. हजेरीपत्रक मात्र सगळे जपतात. हजेरी कमी भरली तर पहिला कम्युनियन लांबतो, तो लांबला तर हॉलचं बुकिंग जातं, आणि हॉलचं बुकिंग या विषयावर वसईकर थट्टा करत नाहीत.

परीक्षाही होते. निकालाच्या दिवशी चर्चच्या आवारात ऐकू येणारं संभाषण साधारण असं :

“धर्मशिक्षणात ब्याण्णव? आठ मार्क कुठे गेले?”

“सातव्या आज्ञेत.”

“चोरी करू नको! एवढं साधं येत नाही तुला?”

“येतं. पण टीचर म्हणाल्या, मी ते शेजारच्याचं बघून लिहिलं.”

इथपर्यंत सगळं पद्धतशीर चालतं, कारण प्रश्न मोठ्यांच्या हातात असतात. खरी परीक्षा वर्ग सुटल्यावर सुरू होते. मूल स्कूटरवर मागं बसतं, हेल्मेटच्या जवळ तोंड आणतं आणि विचारतं, “काइनाची बायको कुठून आली?” फादरनी तीन वर्षं सेमिनरीत जे टाळलं ते पप्पांपुढं रेल्वे फाटकाजवळ उभं ठाकतं. पप्पा हॉर्न वाजवतात. हॉर्नचा शोध कशासाठी लागला ते अशा वेळी कळतं.

घरी आल्यावर नोहा.

“तारवात सगळे प्राणी होते?”

“सगळे.”

“डास पण?”

“डास पण.”

“मग देवानं वाचवले ना त्यांना? तू रोज संध्याकाळी ती कॉइल का लावतेस?”

या प्रश्नावर मम्मीनं कॉइल विझवली नाही, पण ती लावताना ती हल्ली आल्ताराकडं पाठ करते.

मुलांनी बायबल वाचावं असं प्रत्येक पालकाला वाटतं. मुलांनी खरंच वाचलं की तोंडचं पाणी पळतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईकरांनी ते अभिमानानं विकत आणलं आणि तितक्याच अभिमानानं कपाटात ठेवलं. घराघरातलं बायबल हे जाड, भारदस्त आणि सुरक्षित पुस्तक असतं. सोनाराची पावती, मावशीची लग्नपत्रिका, वीजबिल आणि मागच्या झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी त्यात सुखानं नांदतात. अशाच एका घरात मुलानं पावती शोधण्यासाठी पुस्तक उघडलं आणि नेमकं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात उघडलं. तिथं अलीशा संदेष्टा बेथेलला चालला आहे आणि गावची पोरं त्याच्या टकलावरून त्याला चिडवतात. अलीशा शाप देतो. रानातून दोन अस्वलं येतात आणि बेचाळीस पोरांना फाडतात. मुलांसाठीच्या रंगीत चित्रांच्या बायबलमध्ये ही गोष्ट सहसा सापडत नाही. चित्रकाराला काय काढावं ते सुचलं नसणार.

मुलगा दोन दिवस घरात फार आदबीनं वागला. त्याच्या पप्पांना पूर्ण टक्कल आहे. पप्पांचं मत त्या आठवड्यात ठाम झालं की बायबल घरात नियमित वाचलं गेलं पाहिजे, आणि जुना करार तर जास्तच.

पण हे शस्त्र दुधारी. “येशूसारखा वाग जरा” हे वाक्य ज्या घरात म्हटलं जातं त्या घरातल्या मुलानं लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचू नये. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या सणानंतर आईबापांना न सांगता मागं राहिला. बरोबरच्या लोकांत असेल असं धरून योसेफ आणि मरिया एक दिवसाची वाट चालून गेले. मग माघारी फिरून शोध, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेला सापडला. आईनं विचारलं, असं का केलंस. तर त्यानं उलट विचारलं, मला शोधत का होता? पवित्र कुटुंबाचा सण नाताळनंतरच्या रविवारी येतो आणि दर तिसऱ्या वर्षी नेमकं हेच वाचन असतं. त्या रविवारी घरोघरचे बारा वर्षांचे वीर फार लक्ष देऊन ऐकतात.

“मी तर फक्त मैदानावर होतो,” त्यातला एक जेवताना म्हणाला. “तीन तास. तीन दिवस नाही.”

“तो देवाच्या घरी होता. तू मैदानावर होतास.”

“मैदान चर्चचंच आहे.”

हे खरं असल्यामुळे विषय भाताकडं वळवण्यात आला.

मिस्सेतल्या मुलांबद्दल बोलायचं तर आधी मिस्सेतल्या बापांबद्दल बोलावं लागेल. आया पोरांना पुढच्या बाकांवर बसवतात, म्हणजे वेदी दिसेल आणि लक्ष लागेल. वेदी दिसते. पण पुढच्या बाकावरून सगळ्या चर्चला पोरंही दिसतात, आणि मग प्रवचनाच्या सगळ्यात गंभीर जागी पाण्याची बाटली जमिनीवर पडते. अलीकडच्या स्टीलच्या बाटल्या प्लॅस्टिकपेक्षा टिकाऊ आहेत आणि त्यांचा आवाजही जास्त टिकतो. बाप मात्र या गोंधळात कुठंच नसतात. ते गैरहजर असतात असं म्हणणं अन्याय होईल. ते मिस्सेला हजर असतात; फक्त इमारतीत नसतात. मागच्या दाराबाहेर, आंब्याच्या सावलीत, स्पीकर ऐकू येईल आणि फादर दिसणार नाहीत असं अचूक अंतर राखून ते उभे असतात. पंप, पाणी, केळीचा भाव आणि विरार लोकल या विषयांवर तिथं जेवढं चिंतन होतं तेवढं एखाद्या शिबिरातही होत नसेल.

याला शास्त्राधार हवा असेल तर तोही आहे. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय. पौल त्रोवसला बोलायला उभा राहिला तो मध्यरात्रीपर्यंत बोलतच राहिला. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसून ऐकत होता. त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तेव्हा मेलेला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, तो जिवंत झाला. आणि मग पौलानं वर जाऊन पहाटेपर्यंत पुढचं बोलून पुरं केलं. आंब्याखालच्या मंडळींचं म्हणणं एवढंच की लांब प्रवचन आत, उंचावर बसून ऐकण्यात धोका आहे हे बायबलनंच सांगितलं आहे. ते जमिनीवर उभे असतात.

पहिल्या कम्युनियनच्या आधी पहिलं पापनिवेदन येतं. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ठरवून दिलं की मुलाला बरं-वाईट कळू लागलं, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, की ते कम्युनियनला पात्र होतं. त्याआधी मुलांना दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागे. निर्णय दयाळूपणाचा होता, पण त्यामुळे व्यावहारिक अडचण अशी झाली की सात वर्षांच्या वयात पापं फार नसतात. दोन ठरलेली असतात : आईशी खोटं बोललो आणि भावाला मारलं. ज्यांना भाऊ नाही त्यांची कुचंबणा होते.

“तू काय सांगणार?” रांगेत एक मुलगा दुसऱ्याला विचारतो.

“खोटं बोललो, भावाला मारलं आणि पाल मारली.”

“पाल मी पण सांगू?”

“तू मारलीस?”

“नाही. पण मग मी खोटं बोललो ते खरं होईल.”

टीचरनी दहा आज्ञांची यादी देऊन ठेवलेली असते, तिच्यावरून आपापलं तपासायचं. सहाव्या आज्ञेपाशी वर्गात एक हात वर होतो. “टीचर, व्यभिचार म्हणजे काय?” टीचर कॉलेजात शिकणारी. ती खिडकीबाहेर बघत म्हणते, “ते मोठ्यांचं आहे, तुम्हाला लागू नाही.” एका पोरानं मात्र कागद अपुरा दिसू नये म्हणून दहाही आज्ञा मोडल्याचं सरसकट कबूल केलं. (हे फादरनी फोडलेलं नाही. त्यानंच बाहेर येऊन अख्ख्या रांगेला अभिमानानं सांगितलं.) प्रायश्चित्तावरून तर चढाओढ लागते. “मला पाच नमो मरिया मिळाल्या, तुला?” “तीनच.” तीनवाला दिवसभर पडलेला चेहरा घेऊन हिंडतो.

घरी दाराशी मम्मी.

“काय सांगितलंस फादरना?”

“ते गुपित असतं.”

“गुपित फादरना ठेवावं लागतं. तुला नाही.” मम्मीचं चर्चच्या कायद्याचं ज्ञान अशा वेळी धर्माधिकाऱ्यांना लाजवेल असं निघतं आणि ते बरोबरही असतं.

“मग फादरना विचार,” मुलगा म्हणाला आणि सायकल काढून गेला. पुढच्या रविवारी फादर मम्मीकडं बघून हसले, नेहमीसारखेच. तिनं मात्र आठवडाभर त्या हसण्याचे तीन वेगवेगळे अर्थ लावले.

आणि मग तो दिवस. पांढरा फ्रॉक, पांढरे बूट, पांढरा सूट, हातात मेणबत्ती. मूल येशूला पहिल्यांदा स्वीकारायला निघतं आणि वाटेत फोटोग्राफर त्याला चौदा वेळा थांबवतो. “हात जोड. आता वर बघ. देवाकडं नाही रे, ड्रोनकडं!” संध्याकाळी हॉल, केक, बँड, भाषण, चुलतचुलत्यांची लांबलचक ओळख. पाकिटं मोजून झाल्यावर रात्री थकल्या मुलाला आजी जवळ घेते आणि विचारते, आज सगळ्यात काय आवडलं? तिची अपेक्षा असते की नातू पवित्र भाकरीचं नाव घेईल. नातू प्रामाणिकपणे सांगतो, “बूट काढले तेव्हा.”

उपवासकाळात मुलांना त्याग शिकवतात. बहुतेक मुलं चॉकलेट सोडतात, कारण पालक तेच सुचवतात. दातांचा डॉक्टर आणि देव एकाच खर्चात खूश होतात. पण राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर शेहेचाळीस दिवस होतात. चाळीस कसे? कारण रविवार धरत नाहीत. हे गणित एखाद्या चौकस पोराला कळलं की घरात वकील जन्माला आला समजावं.

“आज रविवार. रविवार उपवासात नाही. चॉकलेट दे.”

“त्याग हा मनापासून करायचा असतो.”

“पप्पांनी दारू सोडली होती ना? ती बघ बाटली.”

पप्पा हे गणित फार आधीपासून जाणून होते, फक्त त्यांनी ते जाहीर केलं नव्हतं. शुक्रवारचं तर बोलूच नये. मांस वर्ज्य म्हणून अर्नाळ्याहून ताजं पापलेट येतं, मसाला लागतो, तवा तापतो, आणि कोंबडी खाल्ली असती तर निम्म्यात काम झालं असतं हे सगळ्यांना कळत असूनही कुणी बोलत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ज्या धर्मगुरूंनी प्राचीन काळी मासे मांसात धरायचे नाहीत असं ठरवलं, त्यांचा मुक्काम समुद्राकाठीच असला पाहिजे.

अहमदनगरकडच्या, आता अहिल्यानगर म्हणायचं, प्रोटेस्टंट घरांत रोझरी नाही, रहस्यांची भांडणं नाहीत, पापनिवेदनाची रांग नाही. तिथं सगळा ताण संडे स्कूलच्या नाताळच्या नाटकावर येतो. अमेरिकन मराठी मिशननं १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, पुढं मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढलं, रेव्हरंड टिळकांसारखा कवी लाभला. इतक्या मोठ्या वारशाचा भार डिसेंबरच्या थंडीत संडे स्कूलच्या बाईंच्या डोक्यावर येतो, आणि त्या वेळी त्यांच्यासमोर सात आया उभ्या असतात. मरिया एकच. योसेफ एकच. मेंढपाळ व्हायला कुणाची आई तयार नसते. “आमचा राजा झाला तरच येईल” असं ठणकावून सांगितलं जातं.

बाई बायबल उघडतात, आणि त्यांना वाट सापडते. मत्तयानं ज्ञानी लोक पूर्वेकडून आले असं लिहिलं आहे. किती, ते लिहिलेलंच नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या म्हणून लोकांनी तीन माणसं धरली. त्या वर्षी पूर्वेकडून सात राजे आले. तिघांनी ठरलेल्या भेटी आणल्या. बाकीच्या चौघांनी चमकी कागदात गुंडाळलेल्या कंपासपेट्या आणल्या, आणि सातव्याची दाढी बेथलेहेमच्या वाटेवर गळून पडली. ती उचलायला तो वाकला तेव्हा ताऱ्याची दोरी त्याच्या मुकुटात अडकून तारा मेंढपाळांवर उतरला. मेंढपाळ भ्याले. पवित्र शास्त्रात तसंच आहे. मंडळीतल्या ज्येष्ठांनी नंतर सांगितलं की इतका जिवंत अभिनय कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. (त्या नाटकात मागून गाण्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकानं मागितली होती. गायनमंडळानं त्याला खुर्च्या मांडायला दिल्या. मंडळाचा कान तयार आहे.)

या सगळ्या खटपटीनंतर मुलं मोठी होतात आणि बाहेरगावी जातात. मग आयांना आठवते संत मोनिका. तिचा मुलगा ऑगस्टिन सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या झाडाचे पेअर चोरत होता, आणि पुढं अशा पंथाच्या नादी लागला की मोनिकाची झोप उडाली. तिनं एका बिशपच्या मागं लकडा लावला, तुम्ही त्याच्याशी बोला. बिशप टाळत राहिले. शेवटी वैतागून म्हणाले, बाई, आता जा; इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणार नाही. रडून रडून बिशपांना दमवण्याची ही विद्या वसईत अजून जिवंत आहे, फक्त आता बिशप हाऊसच्या फाटकावर वॉचमन बसतो. ऑगस्टिननं ३८३ मध्ये आईला थाप मारून रात्रीचं जहाज पकडलं आणि रोमला पळाला. मोनिका समुद्र ओलांडून त्याच्या मागं मिलानला गेली. ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा कुठं ती निश्चिंत झाली.

वसईच्या मोनिकेला जहाज लागत नाही. तिचा मुलगा टोरांटोला आहे. तिथं रविवारी सकाळी दहाची मिस्सा असते तेव्हा उन्हाळ्यात इथं संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. साडेआठनंतर फोन होतो.

“मिस्सेला गेलास?”

“हो गं. आत्ताच आलो.”

“प्रवचन काय होतं?”

“चांगलं होतं. प्रेमावर होतं.” प्रवचन प्रेमावर होतं हे जगातल्या कुठल्याही रविवारी निर्धास्त सांगता येतं, हे त्यानं धर्मशिक्षणाच्या वर्गातच ओळखून ठेवलं होतं.

“आज प्रवचन नव्हतंच. बिशपांचं पत्र वाचलं.”

पलीकडं शांतता.

“तुमच्या चर्चची मिस्सा यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात,” आई म्हणाली. “मी सुरुवातीपासून बघितली. उजवीकडचे बाक बघितले, डावीकडचे बघितले. तू कुठं होतास?”

“मी… मागं होतो. दाराशी. तिथपर्यंत कॅमेरा येत नाही.”

आईनं फोनवर हात ठेवला आणि ओटीवर बसलेल्या नवऱ्याकडं वळून विचारलं, “कॅनडात आंबा असतो का हो?”